लेक नॉर्मनच्या डॉकवर वीज नेताना

घर घेताना जो तपासणी अहवाल मिळाला त्यात डॉकबद्दल, म्हणजे तळ्यात बांधलेल्या बोटीच्या खाजगी धक्क्याबद्दल, दोनच वाक्यं होती. पहिलं : दिवे लागतात, बोट-लिफ्ट चालते. दुसरं : वायरिंगबाबत परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा सल्ला घ्यावा. हे दुसरं वाक्य इथले तपासणीस अहवालात जागोजागी टाकून ठेवतात, उद्या काही झालं तर आपल्या अंगाशी यायला नको म्हणून. मी सांगलीच्या वालचंदमधून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि पुढची सगळी नोकरी सॉफ्टवेअरमध्ये केली. त्यामुळे वायरीचं काम हातात बसलेलं नाही, पण आकृती वाचता येते. घरातला ब्रेकर पाडून डॉकवरच्या पेटीचं झाकण काढलं, तेव्हा ते दुसरं वाक्य किती सौम्य होतं ते कळलं.

आधी जागा सांगते. लेक नॉर्मन हे नॉर्थ कॅरोलायनातलं सगळ्यात मोठं मानवनिर्मित तळं, शार्लटच्या उत्तरेला. कटॉबा नदीवर 1959 ते 1964 या काळात काउअन्स फोर्ड धरण बांधलं आणि हे पाणी साठलं. माझे बाबा इकडं आले असताना त्यांना हे सांगितलं, तर पटकन म्हणाले, "म्हणजे आपल्या कोयनेच्या वयाचं." खरंच, कोयनेचं धरणही 1964 मध्येच पूर्ण झालं. फरक इतकाच की शिवसागराच्या काठावर घरागणिक धक्का बांधून त्यावर कुणी बोट टांगून ठेवत नाही. इथं तळ्याचा किनारा 520 मैलांचा आहे आणि त्यावर हजारो खाजगी डॉक आहेत. तळ्याचा तळ ड्यूक एनर्जी या वीज कंपनीच्या मालकीचा, म्हणून डॉकच्या बांधकामाला त्यांची परवानगी लागते. विजेच्या कामाचा परवाना मात्र काउंटी देते. पाण्याची पातळी कंपनी रोज जाहीर करते, तीही एका खास मापात : तळं काठोकाठ भरलं की 100 फूट. म्हणजे आज 96 दाखवत असेल तर पाणी चार फूट खाली आहे. हा आकडा वायरिंगला लागतो, तो पुढं येईलच.

आमचा डॉक तीन तुकड्यांचा आहे. काठापासून खांबांवर उभा लाकडी धक्का, त्याच्या टोकाशी छपराखाली बोट उचलणारी लिफ्ट, आणि तिथून अॅल्युमिनियमच्या उतरत्या पुलावरून जायचं ते तरंगतं डॉक. पोहणाऱ्यांसाठी त्याला अॅल्युमिनियमची शिडी होती. घरातल्या पॅनेलपासून डॉकच्या पेटीपर्यंत साधारण अडीचशे फूट अंतर.

आता पेटीत काय होतं ते. घराकडून आलेल्या तीन तारा : दोन फेज आणि एक न्यूट्रल, तिन्ही 10 गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). अमेरिकेत घराला दोन फेज येतात. दोघींमध्ये 240 व्होल्ट आणि प्रत्येकीचे न्यूट्रलशी 120. अर्थिंगची चौथी तार नव्हतीच. पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकाच पट्टीवर आवळलेले होते आणि त्याच पट्टीवरून लिफ्टचा सांगाडा, पूल आणि शिडी जोडलेली होती. म्हणजे पोहून दमलेला माणूस पाण्यातून ज्या शिडीला हात घालणार, ती शिडी विद्युतदृष्ट्या न्यूट्रल होती.

न्यूट्रलला हात लावला तर शॉक बसत नाही, असं आपण ऐकत आलेलो असतो. घरातल्या दहा फुटांच्या वायरीत ते बहुतांशी खरं. अडीचशे फुटांवर नाही. 10 गेजच्या तांब्याच्या तारेला हजार फुटांमागे सुमारे 1.24 ओहम रोध असतो, म्हणजे अडीचशे फुटांना 0.31 ओहम. डॉकवर 120 व्होल्टचा 12 अॅम्पियरचा भार चालू असला की परतीच्या न्यूट्रलमध्ये 3.7 व्होल्ट खर्ची पडतात. तेवढा दाब डॉकच्या सगळ्या लोखंडावर आणि शिडीवर येतो, आणि काही करंट न्यूट्रलची वाट सोडून पाण्यातून घराकडं परत जातो. ही झाली धडधाकट स्थिती. न्यूट्रलची तार मध्येच कुठं कुजून तुटली तर चालू असलेल्या दिव्यातून किंवा मोटरमधून सगळा 120 व्होल्ट शिडीवर येऊन बसतो, आणि ब्रेकर पडत नाही. कारण ब्रेकरच्या लेखी काहीच बिघडलेलं नसतं.

गंमत म्हणजे पेटीच्या शेजारच्या सॉकेटला जीएफसीआय, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की वीज तोडणारं उपकरण, होतं. भारतात ज्याला आपण ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो, त्याचाच हा इथला धाकटा आणि जास्त चिडका भाऊ. त्याचं टेस्टचं बटण दाबलं की तो टक्कन पडायचा. तपासणीस त्यावरच समाधानी झाला असणार. पण हा जीएफसीआय आपल्यातून जाणारा आणि परत येणारा करंट सारखा आहे का एवढंच बघतो. करंट त्याच्यातून नीट परत येऊन मग मागच्या पट्टीवर पाण्याची वाट धरत असेल, तर ते त्याला दिसत नाही.

पाण्यात गळलेल्या विजेनं हातपाय आखडून माणूस जातो, त्याला इथं 'इलेक्ट्रिक शॉक ड्राउनिंग' असा शब्दप्रयोग रूढ आहे. 4 जुलै 2012 या एकाच दिवशी मिसूरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर एका खाजगी डॉकपाशी भाऊ-बहीण गेले आणि टेनेसीतल्या चेरोकी लेकवर दोन लहान मुलगे अशाच विजेच्या तडाख्यात सापडले, तेही वाचले नाहीत. त्याआधी 1999 मध्ये ऑरेगनमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा लाइफ जॅकेट अंगात असताना, तोंड पाण्याच्या वर असताना गेला. बुडून मेला म्हणावं तर तो बुडालेलाच नव्हता. अशा प्रकरणांत शवविच्छेदनात विजेची खूण सहसा सापडत नाही. पाण्यात करंट मोठ्या क्षेत्रफळातून शिरतो आणि कातडी भाजत नाही. म्हणून कितीतरी मृत्यू साध्या बुडण्याच्या खात्यावर जमा होत असतील, असं या विषयात काम करणारे म्हणतात, आणि मला ते पटतं.

हे गोड्या पाण्याचं दुखणं आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्याच्या कितीतरी पट चांगला वाहक, माणसाच्या शरीरापेक्षाही चांगला. तिथं गळलेला करंट माणसाला वळसा घालून जातो. तळ्यात उलटं. पाणी वाईट वाहक आणि त्यात रक्तामांसाचं, क्षारांनी भरलेलं शरीर हाच सोपा रस्ता. मालवणच्या खाडीत जी गळती कुणाच्या लक्षातही येणार नाही ती इथं घातक ठरते. पाण्यात एका फुटाला सुमारे 2 व्होल्टचा फरक असला तरी तो प्राणघातक धरतात. दहा-पंधरा मिलीअॅम्पियर अंगातून गेले की स्नायू आपल्या ताब्यात राहत नाहीत. जमिनीवर माणूस एवढ्यानं मरत नाही. पाण्यात हातपाय थांबले की पुरतं.

बाबा एमएसईबीतून निवृत्त झालेले. त्यांनी डॉकवर पहिली चक्कर मारली तीच अर्थिंग शोधत.

"अगं, अर्थिंगचा पाइप कुठाय?"

"काठावर रॉड ठोकलाय बाबा, आठ फुटांचा."

"कोळसा-मीठ?"

"अर्थिंगच्या खड्ड्यात नाही घालत इथं. नुसता तांब्याचा मुलामा दिलेला रॉड."

"बरं. पाण्याशेजारी ओल भरपूर आहे म्हणा. मग काळजी कसली करतेस?"

मग आम्ही दोघं टेबलाशी कागद घेऊन बसलो. असा रॉड चांगला ठोकला तरी जमिनीशी त्याचा रोध 25 ओहम धरू. 120 व्होल्टची फेज लिफ्टच्या सांगाड्याला चिकटली तर रॉडमधून करंट किती? 120 भागिले 25, म्हणजे 4.8 अॅम्पियर. 20 अॅम्पियरचा ब्रेकर यावर जन्मात पडायचा नाही. सांगाडा तसाच जिवंत राहील, रॉड आपला थोडा करंट मातीत सोडत बसेल. ब्रेकर पाडायचा तर सांगाड्यापासून घराच्या पॅनेलपर्यंत तांब्याची सलग तार हवी, म्हणजे शॉर्ट झाल्याबरोबर शेकड्यानं अॅम्पियर वाहतील. बाबांनी कागदाकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे रॉड वीज पडली तर कामाचा. माणसासाठी चौथी तार. आणि तिच्यावर ईएलसीबी." त्यानंतर त्यांनी कोळसा-मिठाचं नाव काढलं नाही, पण गावाकडच्या विहिरींचं काढलं. मोटर अडकली म्हणून माणूस दोराला धरून उतरतो, वर कुणीतरी स्टार्टर बंद केलाय असं सांगतो, केबलचा जोड पाण्यात उघडा पडलेला असतो. नोकरीत असताना अशा जागी पंचनाम्याला उभं राहावं लागलेलं आहे त्यांना. पाणी गोडं, माणूस ओला, हाताशी लोखंड : विहीर काय न् तळं काय.

इलेक्ट्रिशियन मिळवणं हा स्वतंत्र खटाटोप. डॉकचं काम म्हटलं की बरेच जण फोनवरच नकार देतात. एक जण आला, पेटी बघितली आणि म्हणाला, नवी पेटी बसवतो, नवा जीएफसीआय देतो, दुपारपर्यंत होईल. त्याला विचारलं, न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळं कसं करणार, तारा तर तीनच आहेत? तो म्हणाला, काठावर आणखी एक रॉड ठोकू. त्याला चहा पाजून निरोप दिला. ज्याला काम दिलं त्यानं येताच पेटीकडं बघितलंसुद्धा नाही. आधी तळ्याची आजची पातळी विचारली, मग मीटरची एक तार शिडीला लावली आणि दुसरीला तांब्याची पट्टी बांधून ती लांब पाण्यात सोडली. लिफ्ट आणि दिवे चालू केले, आणि मीटरवर तीन व्होल्टच्या वर आकडा आला. माझा कागदावरचा हिशेब खरा ठरल्याचा आनंद व्हावा की धसका घ्यावा, कळेना. त्यानं तिथल्या तिथं घरातला ब्रेकर पाडला आणि त्यावर कुलूप लावलं. काम होईपर्यंत डॉक अंधारात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत, म्हणजे एनईसीत, 555 वं कलम डॉकचं. पूर्वी ते मरीनांपुरतं, म्हणजे बोटी लावायच्या व्यावसायिक धक्क्यांपुरतं समजलं जायचं, आता घरगुती डॉकही त्यात स्पष्टपणे येतात. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे विजेसाठी ठरवलेली एक काल्पनिक पातळी. पाणी कमीजास्त होणार हे गृहीत धरून त्याच्या वर एक रेषा आखायची. खांबांवरच्या धक्क्यासाठी ती पाण्याच्या नेहमीच्या सर्वोच्च पातळीपेक्षा 2 फूट वर. तरंगत्या डॉकसाठी पाण्यापासून 30 इंच आणि फळ्यांपासून 12 इंच वर, आणि ती डॉकबरोबर वरखाली होते. जोड, सॉकेट, पेट्या सगळं या रेषेच्या वर. जुन्या कामात एक जंक्शन बॉक्स फळ्यांच्या खाली होता. तळं भरलं की तो पाण्यापासून हातभर अंतरावर यायचा.

रचना अशी ठरली. घरातून 6 गेजच्या चार तारा : दोन फेज, न्यूट्रल आणि हिरव्या आवरणाची अर्थिंग. घरातल्या ब्रेकरलाच 30 मिलीअॅम्पियरचं गळती-संरक्षण. काठावर, अंगण संपतं तिथं एका खांबावर नवं पॅनेल आणि त्याच्या शेजारी मोठा हाताचा स्विच, जो खाली ओढला की डॉकवरची सगळी वीज जाते. पॅनेलमध्ये न्यूट्रलची पट्टी आणि अर्थिंगची पट्टी वेगळी, दोघींचा संबंध फक्त घराच्या मुख्य पॅनेलात. तिथून डॉकवर जाणारी प्रत्येक शाखा 5 मिलीअॅम्पियरच्या जीएफसीआय ब्रेकरमधून. म्हणजे संरक्षण काठावर, आणि पाण्यावर जाणारी तार सुरुवातीपासूनच पहाऱ्यात. बाबांना पाचाचा आकडा खटकला. "आपल्याकडं तीसला पडतो, तो काय वाईट आहे?" वाईट नाही, पण तीस मिलीअॅम्पियरपर्यंत थांबायचं म्हणजे हातपाय आखडण्याच्या पातळीपलीकडं जायचं. घरात माणूस फेकला जातो किंवा पडतो, आणि सुटतो. पाण्यात पडायला जागाच नसते.

तार एवढी जाड कशाला, हाही प्रश्न आला. जुनी लिफ्ट 120 व्होल्टवर चालायची. एक हॉर्सपॉवरची मोटर त्या दाबावर 16 अॅम्पियर घेते, आणि 10 गेजच्या जाण्यायेण्याच्या पाचशे फुटांत जवळजवळ 10 व्होल्ट गळून जातात. सुरू होताना करंट कितीतरी पट, त्यामुळे मोटर रडतच बोट उचलायची आणि दिवे डोळे मिटायचे. नव्या जोडणीत मोटर 240 वर घेतली. आता ती 8 अॅम्पियर घेते आणि 6 गेजवर 2 व्होल्टसुद्धा जात नाहीत. फेजच्या तारा गरजेपेक्षा जाड घेतल्या की अर्थिंगची तारही त्याच प्रमाणात जाड घ्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि तांब्याचं बिल बघून मग कळतं.

खोदायच्या आधी 811 ला फोन. हा देशभरचा क्रमांक आहे. कळवलं की ज्यांचं काही जमिनीखाली आहे त्यांची माणसं येऊन गवतावर रंगाच्या खुणा करून जातात : विजेला लाल, गॅसला पिवळा, फोन-इंटरनेटला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा. आमच्या अंगणात रंगपंचमी झाली. पण या खुणा मीटरपर्यंतच्या, म्हणजे कंपन्यांच्या मालकीच्या वायरी-नळांच्या. आधीच्या मालकानं टाकलेली डॉकची केबल त्यात नव्हतीच, ती आम्हालाच शोधावी लागली. ती गवताखाली चारेक बोटांवर निघाली. नियमानं अशी उघडी पुरलेली केबल 24 इंच खोल हवी. आम्ही पीव्हीसी पाइपातून नेली, त्याला 18 इंच पुरतात. पाइप जिथं जमिनीतून वर येतो तिथं जाड भिंतीचा, शेड्यूल 80चा, कारण गवत कापायचं यंत्र त्याला धडकतंच. आणि पाइपातही ओल्या जागेसाठीच्या तारा हव्यात. जमिनीखालचा पाइप कितीही सील केला तरी आत दव साचतं, म्हणून संहिता त्याला ओलीच जागा मानते.

धक्क्यावर पाइप नेताना एक गोष्ट शिकले. पीव्हीसी उन्हात वाढतो आणि थंडीत आखडतो. शंभर अंश फॅरनहाइटच्या फरकाला शंभर फुटांमागे चार इंच. इथं जानेवारीतली पहाट आणि जुलैतली दुपार यांत तेवढा फरक पाइपाच्या अंगावर सहज येतो. त्यासाठी मध्येमध्ये सरकणारे जोड घालतात, दुर्बिणीसारखे. ते नसले तर पाइप पेटीतून उपसून बाहेर येतो आणि तारा उघड्या पडतात. शेजारच्या दोन डॉकांवर मी हे बघितलं आणि त्यांना सांगितलंही.

पुलापाशी कडक पाइप संपतो. तरंगतं डॉक पाण्याबरोबर खालीवर होणार, पूल त्याच्याबरोबर कोन बदलणार, म्हणून तिथं जाड रबरी आवरणाची, उन्हापाण्याला टिकणारी लवचीक केबल लागते, आणि तळं पाच फूट उतरलं तरी ताण येऊ नये एवढी ढिलाई. इलेक्ट्रिशियननं पातळी पहिल्याच दिवशी का विचारली ते इथं कळलं. खरं तर तरंगत्या डॉकवर वीज न्यावीच का, यावर आमच्या घरात बराच वाद झाला. नवऱ्याला तिथं सॉकेट हवं होतं, मला काहीच नको होतं. शेवटी तिथं सौर दिवे लावले आणि केबलचा खर्चही वाचला. लिफ्टही सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारी, 24 व्होल्टची मिळते. नव्यानं डॉक बांधणाऱ्यानं आधी तिचा भाव काढावा असं मला वाटतं. आमची लिफ्ट चांगली होती म्हणून ती ठेवली.

विजेची एकही तार न गेलेल्या पुलाला मात्र तांब्याची तार गेली. डॉकवरचे जे धातूचे भाग जिवंत होण्याचा संभव आहे ते सगळे 8 गेजच्या भरीव तांब्यानं पॅनेलच्या अर्थिंगशी बांधायचे असतात. काउंटीचा इन्स्पेक्टर चर बुजवायच्या आधी एकदा येऊन टेप लावून खोली मोजून गेला, आणि सगळं झाल्यावर परत आला तेव्हा त्यानं सगळ्यात जास्त वेळ याच जोडांवर घालवला. लिफ्टच्या एका बाजूचा जोड रंगावरच आवळलेला होता, तो खरवडून धातूवर घ्यायला लावला. धोक्याची पाटी कुठं दिसते तेही बघितलं : पाण्यात विजेचा प्रवाह असू शकतो, अशा अर्थाची ती पाटी आता संहितेनं सांगितलेली आहे. माझ्या आत्याला ती फार अशुभ वाटते.

यापुढचा भाग कुणी आधी सांगितला नव्हता. सगळं काम पास झाल्यावर इलेक्ट्रिशियननं पुन्हा तीच पट्टी लांब पाण्यात सोडली. लिफ्ट चालू केली, बंद केली, आकडा हलेना. म्हणजे आमची गळती संपली. पण आकडा शून्यही नव्हता, 0.6 व्होल्ट होता. नुसतं मीटर कधीकधी भुताटकीचे आकडे दाखवतं, म्हणून त्यानं दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर जोडून परत मोजलं. थोडा उतरला, पण राहिला. काठावरचा स्विच खाली ओढला, तरी तेवढाच. घराचा मुख्य ब्रेकर पाडला, तरी अर्ध्या व्होल्टच्या आसपास.

याचं कारण घरात नाही. अमेरिकेत वीजपुरवठ्याचा न्यूट्रल रस्त्याच्या खांबाखांबावर आणि प्रत्येक घरात जमिनीशी जोडलेला असतो. सगळ्या वस्तीचा परतीचा करंट त्यातून वाहतो, त्यामुळे त्याच्यावर थोडा दाब राहतोच. आपली हिरवी तार मुख्य पॅनेलात त्याच न्यूट्रलला बांधलेली, आणि ती आपण इमानेइतबारे डॉकपर्यंत नेली. म्हणजे ज्या तारेनं लिफ्टचा शॉर्ट सुरक्षित केला, तिनंच शेजारपाजारचा अर्धा व्होल्ट पाण्याकाठी आणून सोडला. जीएफसीआयला यात काही दिसायचं कारण नाही, त्याच्यातून काही जातच नाही. इथल्या गोठ्यांमध्ये गायी पाण्याच्या हौदाला तोंड लावायला बिचकतात, त्यामागंही कधीकधी हेच निघतं.

उपाय आहे : काठावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवायचा, म्हणजे डॉकच्या विजेचा घराच्या न्यूट्रलशी संबंधच तुटतो. तो जड, महाग, आणि त्याची वेगळी पेटी बांधावी लागते. आम्ही तो घेतला नाही. अर्धा व्होल्ट सगळ्या अंतरात मिळून आहे, फुटाला 2 व्होल्टच्या जवळपासही नाही. त्याऐवजी अॅल्युमिनियमची शिडी काढून प्लास्टिकची लावली आणि मोजणी चालू ठेवली. मीटर आणि पट्टी गॅरेजमध्ये टांगलेली आहे. आकडा एकदम चढला तर कुठल्यातरी घराचा किंवा खांबावरचा न्यूट्रलचा जोड ढिला होतोय असं समजायचं आणि वीज कंपनीला बोलवायचं. ट्रान्सफॉर्मर घ्यायलाच हवा होता असं म्हणणारेही भेटतील. त्यांच्या डॉकवर धातूची शिडी आणि पोहणारी मुलं असतील तर मी त्यांच्या बाजूनं बोलेन.

आमच्याकडं पोहण्याचे नियम पाहुण्यांना गाडीतून उतरतानाच सांगितले जातात. पोहायचं असेल तर काठावरचा स्विच खाली, बोटीच्या चार्जरची पिन काढलेली, आणि शक्यतो डॉकपासून लांब. बोट हीसुद्धा संशयितच. तिच्या बॅटरीचा चार्जर 120 व्होल्टवर चालतो आणि गळती अनेकदा तिथूनच सुरू होते. चार्जरच्या अख्ख्या केबलभोवती क्लॅम्प मीटर लावलं की आकडा शून्य यायला हवा, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतात. शून्य नसेल तर उरलेला कुठंतरी पाण्यात चाललाय. पाण्यात अंगाला मुंग्या आल्या तर शिडीकडं धावायचं नाही, आलो त्या वाटेनं डॉकपासून लांब पोहत जायचं आणि ओरडायचं. काठावरच्यानं उडी मारायची नाही. आधी स्विच, मग दोर नाहीतर तरंगतं कडं. हे माणसाच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे, म्हणून मी ते पाहुण्यांच्या मुलांकडून म्हणून घेते. मंडळाच्या सहलीला आलेल्या एका काकूंनी मला त्यावरून शाळामास्तरीण म्हटलं, तेही चालेल.

पहिल्या मोठ्या पावसानंतर लिफ्टचा ब्रेकर पडायला लागला. लावला की तासाभरात खाली. शेजारी म्हणाले, हे पाच मिलीअॅम्पियरवाले असेच असतात, साधा ब्रेकर लाव, आमचा कधीच पडत नाही. त्यांचा का पडत नाही ते मला त्यांच्या पेटीत तीन तारा बघून कळलं होतं. इलेक्ट्रिशियननं लिफ्टचा स्विच उघडला तर झाकणाचं रबर चिरलेलं आणि आत पाण्याचे थेंब. पूर्ण बंद होणारा नवा स्विच बसवला. त्यानंतरच्या पावसांत ब्रेकर पडलेला नाही. तीन तारांची पेटी बघायला त्याला शेजाऱ्यांनीही बोलावलं, आणि सध्या त्यांचा डॉक अंधारात आहे.